व्यायामाचा छोटा गट मोडतो कुठे, आणि तो कोणत्या क्रमाने उभा करायचा

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरात व्यायामाचे गट उगवायला लागतात. आधी व्हॉट्सअपवर ग्रुप निघतो, त्यात चाळीस माणसं येतात, मग टी-शर्टचा रंग ठरतो. होळीपर्यंत मैदानावर दोघं उरतात, तीही बाकावर बसून गप्पा मारत. मी असल्या दोन गटांत होतो. तिसरा चाललाय, तो एवढ्याचसाठी की त्यात आम्ही कामांचा क्रम बदलला.

छोट्या गटाचे फायदे विचारले तर लोक उत्साह, मजा, सोबत असं काहीबाही सांगतात. मला त्यात कामाचा फायदा एकच दिसतो: तुम्ही आला नाहीत तर ते त्याच सकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं. पुढचा प्रत्येक टप्पा हा फायदा टिकवण्यासाठी आहे. टप्पे उलटसुलट केले तर तो पहिल्या महिन्यातच जातो.

१. माणसं: चार ते सहा, चालत येण्याच्या अंतरावरची

तिघांचा गट लंगडा असतो. एकाला ताप, दुसऱ्याच्या घरी पाहुणे, आणि तिसरा एकटा उभा. सातच्या वर गेलात की उलटं होतं, कोण आलं नाही हे कुणालाच कळत नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजून १९१३ साली निष्कर्ष छापले होते. जितकी माणसं जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी. आठ जणांत तर माणशी जोर एकट्याच्या निम्म्याच्या आसपास आला. व्यायाम म्हणजे रस्सीखेच नव्हे, पण मागच्या रांगेत उभं राहून हात अर्धेच वर करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मीही त्यातलाच होतो.

माणसं निवडताना लोक दोस्ती बघतात. माझं मत विचाराल तर आधी अंतर बघा. जुळे सोलापूरहून अशोक चौकात येणारा जिवलग मित्र तीन आठवडे येईल. त्याच बोळातले, फारशी ओळख नसलेले काका वर्षभर येतील. घरापासून व्यायामाच्या जागेपर्यंत चालत दहा मिनिटं ही मर्यादा धरा.

दुसरी अट कामाच्या वेळेची. पूर्व भागात कारखान्याची पाळी करणारा आणि दहाला दुकान उघडणारा यांची सकाळ एक नसते. पाळी दर आठवड्याला बदलणारा माणूस असेल, तर त्याच पाळीचे आणखी दोन-तीन जण शोधून वेगळा गट करा. त्याला ओढून आपल्यात बसवू नका.

वय आणि ताकद सारखी हवी असं मात्र अजिबात नाही. तरुण मुलगा आणि साठीच्या काकू एका गटात चालतात. ते कसं जमवायचं ते सहाव्या टप्प्यात येईल.

> तपासा: प्रत्येकाला एकट्याला गाठून विचारा, "आठवड्यातले कोणते चार दिवस तू नक्की येशील?" "बघू की", "जमवतो की" असं उत्तर आलं तर ते नाही समजा. वाईट वाटून घेऊ नका, त्याला गटात घेऊही नका.

२. तब्येतीची विचारपूस, पहिल्या दिवसाच्या आधी

सगळ्यात जास्त गट हाच टप्पा गाळतात. विचारायला संकोच वाटतो, म्हणून विचारतच नाहीत. विचारपूस चारचौघांत नको, एकेकट्याला बाजूला घेऊन करा. प्रश्न असे:

- हृदयाचा काही त्रास आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?
- चढताना, चालताना छातीत दुखतं किंवा दाटून येतं का?
- गेल्या काही महिन्यांत चक्कर येऊन पडलात का, शुद्ध हरपली का?
- बीपी, शुगर, दमा यांची औषधं चालू आहेत का? इन्सुलिन घेता का?
- गुडघा, कंबर, खांदा, मान यांत जुनं दुखणं आहे का? एखादं ऑपरेशन?
- गरोदर आहात का, किंवा नुकतंच बाळंतपण झालंय का?

एकाही प्रश्नाला "हो" आलं तर तो माणूस डॉक्टरांना विचारून मगच येईल. हे गटातल्या सगळ्यांना सारखं लागू, अगदी गट सुरू करणाऱ्यालाही. आमच्यात एक गृहस्थ रोज आठ किलोमीटर चालायचे, म्हणून त्यांना कुणी काही विचारलंच नाही. बीपीची गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने बंद केली होती, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं, तेही चहाच्या टपरीवर.

प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर गटातल्या किमान दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. तो "पप्पा" किंवा "घर" असा नको, "काकू-घर", "मास्तर-मुलगा" असा ओळखता येईल असा ठेवा.

३. वेळ आणि जागा: ऊन, पाणी आणि गड्डा

इतर शहरांतल्या लोकांचे सल्ले इथे कामाला येत नाहीत. सोलापुरात तीन गोष्टी गणितात धराव्या लागतात.

पहिली म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि आठ वाजताच अंग भाजायला लागतं. जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, मेअखेर पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे सव्वा तासाचा फरक. "रोज सहा वाजता" अशी बारमाही वेळ ठरवली तर थंडीत अंधारात चाचपडाल आणि उन्हाळ्यात गारवा हातचा घालवाल. आम्ही वर्षाच्या दोन वेळा केल्या आहेत: मार्च ते जून पावणेसहा, बाकी वर्षभर साडेसहा. डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला आणि मार्चमध्ये पावणेसहाला उजेड नसतो, तेव्हा दिव्याखालची जागा धरतो.

संध्याकाळी गच्चीवर करू असं कुणी सुचवेल. उन्हाळ्यात नको. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खालून उष्णता फेकत राहतो. आम्ही एका एप्रिलमध्ये साडेसातला गच्चीवर चढलो आणि वीस मिनिटांत एकीला चक्कर आली. हवा गार वाटत होती, फरशी नव्हती. गच्ची वापरायचीच तर पहाटे.

दुसरी गोष्ट नळाचं पाणी. हे वाचून बाहेरगावचा माणूस हसेल, पण ज्या दिवशी पाणी सुटतं त्या दिवशी निम्मा गट गायब असतो हे इथल्या कुणालाही पटेल. टाकी, बॅरल, घागरी, मोटार, यातून सुटका नाही. रोज पाणी येत नसल्यामुळे पाण्याचा वार दर आठवड्याला सरकतो. "सोमवार-बुधवार-शुक्रवार" असे पक्के वार ठरवले की कधी ना कधी ते पाण्यात बुडतातच. यावर आमचा तोडगा: आठवड्याचे चार दिवस आधी ठरवायचे, पाण्याचा दिवस मध्ये आला तर त्या दिवशी सुट्टी न देता फक्त वीस मिनिटांचा व्यायाम, घराजवळच. इथेच एका गल्लीतली माणसं असण्याचा उपयोग होतो. सगळ्यांचं पाणी एकाच वेळी येतं, त्यामुळे वेळ सगळ्यांचीच सरकवता येते. वेगवेगळ्या पेठांतली माणसं असली की पाण्यापायी दरवेळी कुणी ना कुणी कमीच.

तिसरी गोष्ट जागा. होम मैदान मोकळं आणि सपाट आहे, पण जानेवारीत गड्ड्याला ते भरून जातं. तिथे करणाऱ्यांनी डिसेंबरातच दुसरी जागा बघून ठेवावी. संभाजी तलावाचा, म्हणजे आपल्या कंबर तलावाचा परिसर चालायला चांगला, पण चालणाऱ्यांच्या वाटेत गोल करून उभं राहू नका, लोक चिडतात आणि ते बरोबरच आहे. सहा जणांना फार जागा लागत नाही. खोलीभर मोकळी, सपाट जमीन, टेकायला एक भिंत आणि एक पक्की पायरी, एवढं पुरतं. सोसायटीचं पार्किंग, मंगल कार्यालयाच्या मागचं अंगण, शाळेचं मैदान, काहीही चालेल. पावसाळ्यासाठी छप्पर असलेली एक जागा आधीच ठरवा. पाऊस सुरू झाल्यावर शोधायला गेलात की आठ दिवस जातात, आणि आठ दिवस गेले की गट जातो.

> तपासा: ठरवलेल्या वेळी ठरवलेल्या जागी दोघांनी एकदा जाऊन या. उजेड, कुत्री, खडी, गाड्यांची ये-जा आणि महिलांना तिथे पहाटे येताना धास्ती वाटेल का, हे बघा. शेवटचा मुद्दा पुरुषांनी परस्पर ठरवायचा नाही.

४. तीन नियम, तोंडी आणि सगळ्यांसमोर

जास्त नियम केलेत तर एकही पाळला जाणार नाही.

पाच मिनिटं थांबायचं, सहाव्या मिनिटाला सुरू करायचं. उशिरा येणाऱ्यासाठी थांबलात की वेळेवर येणाराही दुसऱ्या आठवड्यापासून उशिरा येतो.

येणार नसाल तर आदल्या रात्री दहाच्या आत कळवायचं, आणि ते ग्रुपवर नाही, आपल्या जोडीदाराला फोन करून. गटात जोड्या लावा, महिन्याला बदला. ग्रुपवर "आज जमणार नाही" लिहून अंगठे मिळवणं सोपं असतं. एका माणसाला फोन करून कारण सांगताना जीभ जड होते, आणि निम्म्या वेळा फोन करण्यापेक्षा यायचंच ठरतं.

न कळवता सलग दोनदा दांडी झाली तर जोडीदार घरी जाईल. रागवायला नाही, विचारायला. बऱ्याचदा घरी खरंच काहीतरी झालेलं असतं.

व्हॉट्सअप ग्रुप काढायचाच असेल तर आत्ता, चौथ्या टप्प्यावर काढा. त्यात फक्त वेळ-जागेचे बदल येतील. सुप्रभाताची फुलं, वजन घटवण्याचे काढे आणि कुणाच्या पोटाचे फोटो चालणार नाहीत.

५. पहिले दोन आठवडे: मुद्दाम कमी

आमचा पहिला गट इथेच मोडला. पहिल्याच दिवशी जोशात एकवीस सूर्यनमस्कार आणि पन्नास बैठका. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सगळे कठड्याला धरून, तिसऱ्या दिवशी मैदानावर दोघे.

सवय नसलेल्या स्नायूंचं दुखणं व्यायामानंतर एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतं. म्हणजे पहिल्या दिवशी "काहीच झालं नाही" असं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी माणूस आणखी करतो, आणि मग दोन्ही दिवसांची भरपाई एकदम होते. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही.

पहिला आठवडा वीस मिनिटं, दुसरा तीस. घरी जाताना "अजून झालं असतं की" असं वाटलं पाहिजे.

> सावध: दोन्ही मांड्यांत सारखं, बोथट दुखणं साधारणपणे सवय नसल्याचं असतं. एकाच सांध्यात टोचणारी कळ, सूज, किंवा हाता-पायात उतरणाऱ्या मुंग्या हे वेगळं प्रकरण आहे. तिथे "सवय होईल" म्हणू नका, थांबवा.

६. पंचेचाळीस मिनिटांची मांडणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. चार दिवस पंचेचाळीस मिनिटं, अधिक जाता-येताचं चालणं, एवढ्यात हे बसतं.

*पहिली आठ मिनिटं, अंग मोकळं करणं.* जागेवर चालणं, खांदे फिरवणं, गुडघे उचलणं, कंबर दोन्ही बाजूंना सावकाश वळवणं. थंड अंगाने वाकून पायाचे अंगठे धरत बसू नका, ते ताण शेवटी.

*पुढची पंचवीस मिनिटं, फेरी.* चार ठिकाणं ठरवा:

1. खुर्चीवर बसल्यासारखी बैठक. टाचा जमिनीला, गुडघे पंजांच्या दिशेनेच.
2. भिंतीला हात टेकून जोर. जमतील त्यांना पायरीवर, त्याहून जमतील त्यांना जमिनीवर.
3. पायरीवर चढ-उतार.
4. पाण्याची भरलेली बाटली किंवा पाच लिटरचा कॅन पाठ सरळ ठेवून उचलणं.

दोघा-दोघांच्या जोड्या करा. चाळीस सेकंद काम, वीस सेकंदांत पुढच्या ठिकाणी. चार ठिकाणं झाली की एक मिनिट दम घ्या. पाच मिनिटांची एक फेरी, अशा पाच फेऱ्या. सुरुवातीला दोनच करा आणि उरलेला वेळ चाला. चारच जण असले तर एक जोडी दोन ठिकाणं सोडून पुढे उभी करा, गर्दी होत नाही.

आता वयाचा आणि ताकदीचा तो प्रश्न. मोजणी करू नका, घड्याळ लावा. लेख वाचून एवढं एकच उचललंत तरी चालेल. "तीस बैठका" म्हटलं की तरुण पोरगा अर्ध्या वेळेत संपवून बघत उभा राहतो आणि गुडघेदुखीच्या काकू तीसचा आकडा गाठायला अर्ध्याच वाकतात, चुकीच्या वाकतात. आमच्याकडे असंच होऊन एकीचा गुडघा सुजला, आणि चूक मोठ्याने आकडे मोजणाऱ्याची होती, म्हणजे माझी. चाळीस सेकंदांत एकाच्या वीस होतील, दुसरीच्या आठ. दोघं एकाच क्षणी सुरू करतात, एकाच क्षणी थांबतात, दोघांची धाप सारखी असते. कुणी मागे राहत नाही, कारण मागे राहायला जागाच नसते.

धाप किती हवी हे बोलण्यावरून ओळखा. वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, ही मध्यम मेहनत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर जास्त झालं. म्हणून फेरीत जोडीदाराशी थोडं बोलत राहा. आमच्यात मराठी, तेलुगू, कन्नड सगळं एकाच वाक्यात चालतं, आणि कुणी एकदम गप्प झालं की लगेच कळतं.

श्वास कोंडून उचलू नका, बीपी झटक्यात वर जातं. जोर लावताना श्वास बाहेर सोडा.

*शेवटची दहा-बारा मिनिटं.* हळू चालत धाप उतरवा, मग पोटऱ्या, मांड्या, छाती यांचे ताण प्रत्येकी वीस-तीस सेकंद, झटके न देता. हा भाग खाऊन चहाला पळायची सगळ्यांनाच घाई असते. धाप पूर्ण उतरेपर्यंत कुणीही गाडीवर बसायचं नाही.

घड्याळ रोज वेगळ्याच्या हातात द्या. एकाच माणसाच्या हाती राहिलं तर तो महिन्याभरात "सर" होतो आणि बाकीचे विद्यार्थी. मग सर गावाला गेले की शाळेला सुट्टी.

७. वाढवायचं कसं

एका वेळी एकच गोष्ट वाढवा: फेरी, किंवा वजन, किंवा सेकंद. तीन आठवडे वाढवा, चौथा हलका ठेवा. सण, लग्नसराई, आजारपण यामुळे दोन आठवडे खाडा पडलेला माणूस परत आला तर त्याने जिथे सोडलं तिथून सुरू करायचं नाही, साधारण निम्म्यापासून. आणि त्याला "काय, विसरलात का आम्हाला!" असं म्हणायचं नाही. तो टोमणा गमतीचा असला तरी ऐकून लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

८. बिघडलं तर

*शुगर उतरणं.* थरथर, एकदम घाम, भूक, गोंधळल्यासारखं बोलणं. इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत हे होऊ शकतं, उपाशीपोटी तर जास्तच. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं नसेल तर तेवढंच पुन्हा. कुणीतरी प्रेमाने शेंगाचा लाडू पुढे करेल. तो नंतर. शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, आणि इथे घाई असते. साखरेची पुडी गटातल्या एकाच्या पिशवीत कायम हवी.

*ऊन लागणं.* डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, पाणी, त्या दिवसाचा व्यायाम बंद. माणूस बरळायला, झोकांड्या खायला लागला आणि अंग तापलेलं असलं तर १०८ ला फोन करा आणि वाट बघत बसू नका. अंगावर पाणी ओता, मान-काखा-जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

*छातीत दुखणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम फुटणं.* जिथे असेल तिथे बसवा, १०८ लावा. "गॅस झाला असेल, सोडा पाजा" म्हणणारा प्रत्येक गटात एक असतोच. त्याला रस्त्यावर ॲम्ब्युलन्स ओळखायला उभा करा, तेवढाच उपयोग.

*भांडण.* जवळजवळ नेहमी दोनच कारणं असतात: कुणीतरी कुणाच्या वजनावर बोललेलं असतं किंवा पैसे. वजनाचा विषय गटात बंद ठेवा. पैसे गोळा करू नका. बाटली, चटई ज्याची त्याची.

९. नंतरचा चहा, आणि सातवा माणूस

चहाला बसा, पण आठवड्यातून एकदा. रोज बसलात की पंचेचाळीस मिनिटांच्या व्यायामाला तासाभराची इडली-वडा-चटणी चिकटते, उठायला उशीर होतो, घरचे कुरकुरतात आणि बंद होतो तो व्यायाम.

गट चालतोय हे दिसलं की गल्लीतले आणखी लोक येतो म्हणतील. सहा जणांपर्यंत घ्या. सातवा आला तर त्याला नाही म्हणू नका, "आठवा घेऊन ये" म्हणा. आठ झाले की त्याच दिवशी चार-चारचे दोन गट करा, प्रत्येकात किमान दोघं जुने. वेळ एकच ठेवा, जागा वीस-पंचवीस पावलं लांब, घड्याळं दोन. एका गटाची एखाद्या दिवशी दोनच माणसं आली तर ती त्या दिवसापुरती दुसऱ्यात मिसळतील, आणि न कळवता सलग दोनदा न आलेल्यांकडे त्यांचे जोडीदार ठरल्याप्रमाणे जातीलच.